राजा कुठल्या बाजूला?

(दृश्य: सांगलीतली एक खोली, संध्याकाळ. पंखा चालू. टेबलावर पट, शेजारी स्कोअरशीट, म्हणजे डावातल्या खेळ्या लिहिलेली शीट. ती उडू नये म्हणून तिच्यावर उंट ठेवलाय.)

सांगली आणि बुद्धिबळ म्हटलं की नूतन बुद्धिबळ मंडळाचं आणि भाऊसाहेब पडसलगीकरांचं नाव निघतंच. स्पर्धेच्या हॉलमधली शांतता सगळ्यांनी पाहिलेली असते. आपण मात्र हॉलबाहेर आलोय. काळ्या मोहऱ्यांनी दुपारी गमावलेला डाव आता पुन्हा मांडला जातोय.

लॅपटॉप बंद आहे. त्यातलं इंजिन, म्हणजे बुद्धिबळाच्या खेळ्या मोजणारा प्रोग्राम, एका सेकंदात उत्तर दाखवतं, आणि मग ‘हे तर मलाही दिसलं होतं’ असं प्रत्येकाला वाटायला लागतं. म्हणून आधी पेन्सिल.

पहिली अडचण अक्षराची. नवव्या खेळीला पांढऱ्यासमोर नुसतं ‘घोडा डी-२’ लिहिलंय, म्हणजे डी या उभ्या ओळीतल्या दुसऱ्या घरात घोडा. कुठला घोडा? बी-१ वरचा आणि एफ-३ वरचा, दोन्ही तिथे जाऊ शकत होते. अशा वेळी कुठल्या ओळीतला घोडा, तेही लिहावं लागतं. चुकीचा घोडा उचलला, तर पुढे कधीतरी पटावर शक्यच नसलेली खेळी समोर येते आणि सगळं मागे फिरवावं लागतं. डाव संपल्याबरोबर समोरच्याची शीट पाहून घेतली असती, तर दोन मिनिटांचं काम होतं.

(दृश्य: स्कोअरशीट जवळून. खेळ्यांच्या बाजूला बारीक आकडे.)

हे आकडे घड्याळाचे. खेळीची नोंद करताना उरलेला वेळ लिहायला नियमाची हरकत नाही, तरी बहुतेक जण लिहीत नाहीत. वेळ होता ९० मिनिटं, शिवाय प्रत्येक खेळीला ३० सेकंद. एकतिसाव्या खेळीनंतर शिल्लक ४१ मिनिटं. बत्तिसाव्यानंतर १९. खेळी काय, तर हत्तींची साधी अदलाबदल. तीच खेळी तीनदा मोजून पाहिली, तिन्ही वेळा उत्तर एकच आलं. इथे पेन्सिलीने लिहिलंय, ‘भीती कशाची होती?’

सुरुवातीच्या खेळ्यांवर फार वेळ घालवण्यासारखं काही नाही. अकराव्या खेळीला ओळखीची वाट सुटली, तिथे एक खूण पुरे.

खरा मामला चोपन्नाव्या खेळीचा.

(दृश्य: पटावर पाचच मोहरी.)

पांढरा राजा ई-६, प्यादं ई-५, हत्ती ए-७. काळा राजा ई-८, हत्ती ई-१. चाल काळ्याची. धमकी उघड आहे: हत्ती ए-८, मात. राजा हलवायलाच हवा. एफ-८ किंवा डी-८. घड्याळात ४० सेकंद. राजा डी-८ ला गेला, कारण त्या बाजूला जागा जास्त दिसत होती.

जागा जास्त, हीच तर गडबड. ई ओळीच्या एका बाजूला एफ, जी, एच अशा तीन ओळी, दुसऱ्या बाजूला चार. राजाने लहान बाजूला जायचं आणि मोठी बाजू हत्तीला मोकळी ठेवायची, कारण आडवे शह द्यायला अंतर लागतं. एफ-८ नंतर हत्तीचा ए-८ वरून शह, राजा जी-७. पांढरा हत्ती ई-८ वर आला की काळा हत्ती ए-१ वर जातो. पांढरा हत्ती डी-८ ला सरकला, तर काळा हत्ती पुन्हा ई-१ वर, प्याद्याच्या मागे. बरोबरी.

डी-८ नंतर मात्र शह, राजा सी-७, मग हत्ती ई-८. आता शह एच ओळीवरूनच द्यायचे, आणि एच ते ई यांच्यामध्ये दोनच ओळी. पांढरा हत्ती जी-८ वर येतो आणि काळ्याचे शह संपतात.

आता लॅपटॉप उघडतो. इथे इंजिनचीही गरज नाही. सात मोहऱ्यांपर्यंतच्या सगळ्या स्थितींची अचूक उत्तरं टेबलबेस नावाच्या साठ्यात आहेत, लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. राजा एफ-८: बरोबरी. राजा डी-८: हार. मधलं काही नाही.

(दृश्य: पटावरची मोहरी उचलून आरशातल्यासारखी उलटी मांडली जातात.)

आता प्यादं डी-५ वर. लहान बाजू ए, बी, सी. काळा राजा डी-८ वरून सी-८ ला जातो, आणि घड्याळाचं बटण दाबलं जातं.