कोपेश्वराच्या डोक्यावरचं आभाळ

श्रोतेहो, नमस्कार. नरसोबाच्या वाडीला आपल्यापैकी बरेच जण जातात. दत्ताचं दर्शन झालं, बासुंदी-पेढे घेतले, की गाडी माघारी फिरते. पुढच्या खेपेला ती कुरुंदवाडवरून खिद्रापूरला न्या. कृष्णाकाठी, कर्नाटकाच्या वेशीवर, शिलाहारांच्या काळातलं कोपेश्वराचं देऊळ आहे.

आत शिरलं की आधी स्वर्गमंडप लागतो. अठ्ठेचाळीस खांब, आणि मधोमध छतच नाही! पहिल्यांदा मला वाटलं, कधीतरी पडलं असेल. मग झरोक्याची गोल, घडीव कडा पाहिली. त्याच्या बरोबर खाली एक अखंड गोल शिळा आहे. तिच्यावर उभं राहून मान वर केली, की खांबांच्या कड्यातून नुसतं आभाळ दिसतं. कार्तिकी पौर्णिमेला मध्यरात्री चंद्र या झरोक्यावर येतो. त्या दिवसांत सूर्य दक्षिणेला कललेला, म्हणून पौर्णिमेचा चंद्र उत्तरेला सरकलेला असतो. आणि खिद्रापूर आहे साधारण पावणेसतरा अक्षांशावर. त्यामुळे तो जवळजवळ माथ्यावरच येतो.

शंकराच्या देवळात आपण आधी नंदी शोधतो. इथे तो नाहीच. सती त्याच्यावर बसून दक्षाच्या यज्ञाला गेली, असं गावकरी सांगतात. तो नंदी पलीकडे यडूरला आहे. इकडे शंकर कोपले, विष्णूने समजूत काढली. म्हणून गाभाऱ्यात दोन लिंगं: कोपेश्वर, आणि शेजारी विष्णूरूप धोपेश्वर. रागावलेल्याजवळ कुणीतरी बसून राहावं, ही कल्पनाच मला फार जवळची वाटते.

आता बाहेर या आणि चक्क खाली बसा. पायथ्याशी नव्वदाहून अधिक हत्तींनी देऊळ पाठीवर पेललंय. कितीकांच्या सोंडा तुटल्यात. तरी झुलीची किनार, साखळीची कडी न कडी, सगळं काळ्या पाषाणात शाबूत आहे. दक्षिणेच्या दाराशी यादव राजा सिंघणाचा तेराव्या शतकातला संस्कृत शिलालेख आहे, तोही पाहा. एक कळकळीची विनंती: मूर्तींना तेल-कुंकू लावू नका, त्यांच्यावर टेकून फोटो काढू नका. आठशे वर्षांची नक्षी आपल्या तळहाताखाली झिजते.

आणि सकाळीच पोचा. झरोक्यातून आलेला उन्हाचा गोल तेव्हा पश्चिमेच्या खांबांवर असतो. हळूहळू खाली उतरतो. तो शिळेकडे येईस्तोवर तिथून उठू नका.