सिगारेटच्याच पैशांतून

(पडद्यावर: 'ट्रूथ' मोहिमेच्या जुन्या जाहिराती. फोनची रिंग.)

पोरंपोरी फोन लावतायत. कुणाला? सिगारेट विकणाऱ्यांना आणि त्यांच्या जाहिराती करणाऱ्यांना. प्रश्न अवघड, पलीकडे ततपप. 'सिगारेट ओढू नका' असं मात्र कुणी म्हणत नाही.

1998. अमेरिकेतलं फ्लोरिडा राज्य. या जाहिरातींचा खर्च कुणी केला? सिगारेट कंपन्यांनीच!

धूम्रपानाने आजारी पडलेल्या गरिबांच्या उपचारांवर सरकारचे पैसे जात होते. ते भरून द्या, म्हणत राज्याने कंपन्यांना कोर्टात खेचलं. ऑगस्ट 1997 मध्ये 11.3 अब्ज डॉलरवर तडजोड झाली. मुलांना सिगारेटपासून दूर ठेवण्यासाठी 20 कोटी डॉलर, हीसुद्धा त्यातलीच अट.

या पैशांतून उभी राहिलेली मोहीम म्हणजे 'ट्रूथ', म्हणजेच 'सत्य'. ती आखताना राज्याने पोरांनाच बरोबर घेतलं. ही खरी हुशारी. सिगारेट जीव घेते, हे त्यांना पाठ होतं. त्याने कुणी थांबत नव्हतं. पण आपल्याला गिऱ्हाईक म्हणून कुणीतरी हेरून ठेवलंय, हे कळल्यावर डोकं फिरतं. त्या वयात मोठ्यांना धुडकावायची खुमखुमी असतेच. सिगारेट पेटवून ती भागवली जायची. 'ट्रूथ'ने तिचा रोख कंपन्यांकडे वळवला.

(पडद्यावर: आकडे.)

दोन वर्षांत मिडल स्कूलमधल्या, म्हणजे सहावी ते आठवीच्या, धूम्रपान करणाऱ्या मुलांचं प्रमाण 18.5 टक्क्यांवरून 11.1 वर आलं. हायस्कूलमध्ये, म्हणजे नववी ते बारावीत, 27.4 वरून 22.6.

आता निधी वाढेल, असं वाटतं ना? 1999 मध्येच विधिमंडळाने कात्री लावली. 2003 मध्ये वर्षाला जेमतेम 10 लाख डॉलर उरले. कंपन्यांकडून तडजोडीचे हप्ते तिजोरीत येतच होते, बरं का. ते दुसरीकडे वळत होते, एवढंच.

नोव्हेंबर 2006. मतदारांनी थेट राज्याच्या संविधानातच दुरुस्ती केली. 2005 साली कंपन्यांकडून आलेल्या रकमेच्या 15 टक्के निधी दरवर्षी, महागाईप्रमाणे वाढवत, तंबाखूविरोधी कामाला द्यायचाच. त्यातला किमान एक तृतीयांश जाहिरातींसाठी.

म्हणजे यापुढे कुणा आमदाराला हे कलम काढायचं झालं, तर सभागृहातलं बहुमत पुरणार नाही. पुन्हा मतदारांच्याच दारात जावं लागेल.