टॉवर उंच, खोली ठेंगणी

नमस्कार मंडळी. व्याख्यान सुरू होण्याआधी संयोजक हळूच म्हणाले, "घरच्या सराउंड सिस्टीमसाठी कोणते टॉवर, म्हणजे जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर, घ्यायचे, नाव सांगून टाका, लोक खूश होतील." नाव सांगून मोकळं होता आलं असतं तर मीही खूश झालो असतो. पण तेच स्पीकर तुमच्या खोलीत एक वाजतील आणि शेजारच्यांच्या खोलीत दुसरंच काही. तेव्हा नावं राहू द्या, माझ्या फजितीपासूनच सुरुवात करतो.

घरात सराउंड सिस्टीम, म्हणजे चित्रपटगृहासारखा चहूबाजूंनी आवाज देणारे स्पीकर, करायची ठरली तेव्हा मी सगळ्यात आधी पुढचे दोन टॉवर आणले. छातीपर्यंत उंच, प्रत्येकात बेस म्हणजे खर्ज वाजवणारे तीन-तीन वूफर, एकट्याला उचलवेनात इतके जड. खोली पाच मीटर लांब आणि कोच बरोबर मधोमध, कारण मागच्या भिंतीला पुस्तकांची कपाटं. चित्रपट लावला, स्फोट झाला, वूफरचे पडदे आतबाहेर होताना स्वच्छ दिसत होते आणि बेस मात्र गायब. आवाज वाढवला, तरी तेच. वैतागून पाणी प्यायला उठलो, जाता जाता मागच्या भिंतीशी थांबलो, तर तिथे छातीत धडधडायला लागलं! परत कोचावर येऊन बसलो, पुन्हा सामसूम. त्या रात्री मी स्पीकरना मनसोक्त शिव्या दिल्या. बिचाऱ्यांचा काही दोष नव्हता.

आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे ३४ हर्ट्झच्या, सेकंदाला ३४ कंपनांच्या, खर्जाची एक लाट सुमारे दहा मीटर लांब. पाच मीटरच्या खोलीत तिची अर्धी लाट नेमकी मावते. दोन्ही टोकांच्या भिंतींशी दाब सगळ्यात जास्त आणि मधोमध जवळजवळ शून्य. मी नेमका त्या शून्यात कोच टाकून बसलो होतो. तिथे कितीही मोठा टॉवर आणला असता तरी तो सूर माझ्यापर्यंत पोचला नसता. दुसऱ्या दिवशी एक कपाट हलवलं, कोच पाऊण मीटर मागे घेतला आणि फुकटात बेस मिळाला. म्हणून टॉवरची उंची मोजण्याआधी टेप घेऊन खोली मोजा आणि आपण बसतो कुठे ते बघा.

मग टॉवर हवाच कशाला? याचं उत्तर फार जुनं आहे. हॉफमन नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा एक 'पोलादी नियम' स्पीकर बनवणाऱ्यांना तोंडपाठ असतो. (हे हॉफमन म्हणजे विख्यात पियानोवादक योझेफ हॉफमन यांचे चिरंजीव. वडील पियानोवर, मुलगा खोक्यांत!) खोलवर जाणारा बेस, कमी वॅटमध्ये मोठा आवाज आणि छोटा खोका, या तिन्हींपैकी दोनच गोष्टी मिळतात. तिसरी सोडावी लागते. टॉवर छोटा खोका सोडतो, पण हुशारीने सोडतो. तो वर वाढतो, जमिनीवर पसरत नाही. छोटा स्पीकर स्टँडवर ठेवलात तरी जमिनीवर तेवढीच जागा अडते, मग स्टँडच्या जागी खोकाच का असू नये? टॉवरच्या बाजूने मला पटणारा युक्तिवाद हाच.

आता गंमत बघा. सराउंड सिस्टीममध्ये सबवूफर, म्हणजे फक्त खर्ज वाजवणारा वेगळा खोका, आलाच. सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणारा ॲम्प्लिफायर म्हणजे रिसीव्हर. त्यात ८० हर्ट्झचा क्रॉसओव्हर ठेवायची पद्धत आहे, म्हणजे त्याखालचं सगळं सबकडे (सबवूफरकडे) आणि वरचं स्पीकरकडे. त्यासाठी मेनूत स्पीकर 'स्मॉल' असल्याचं सांगावं लागतं. इथे टॉवरवाल्यांचा अहंकार दुखावतो. एवढा पुरुषभर स्पीकर आणून त्याला स्मॉल म्हणायचं? म्हणायचं. तो शब्द आकाराबद्दल नाही, बेस कुणी वाजवायचा याच्या वाटणीबद्दल आहे. आणि सब खोलीत जिथे चांगला वाजतो तिथे सरकवता येतो. टॉवरला मात्र पडद्याच्या दोन बाजू सोडून जाता येत नाही.

मग ज्या खालच्या सप्तकासाठी पैसे मोजले तेच आपण टॉवरकडून काढून घेतो की नाही? घेतो. तरीही काही उरतं. ८० ते ३०० हर्ट्झच्या पट्ट्यात पुरुषी आवाजाची भरदार बाजू असते, दार आपटण्याचा ठोसा असतो, डग्ग्याचा घुमारा असतो. तिथे मोठा खोका आणि दोन-तीन वूफर दम न लागता वाजतात. माझं मत विचाराल तर सब बंद ठेवून नुसत्या दोन स्पीकरांवर रोज गाणी ऐकणाऱ्याने टॉवर जरूर घ्यावेत. फक्त चित्रपट बघणाऱ्याने छोटे स्पीकर घेऊन उरलेला पैसा सब आणि सेंटरवर, म्हणजे पडद्याच्या मधोमध असणाऱ्या स्पीकरवर, घालावा. हे ऐकून काही चेहरे पडलेले दिसतायत. (हशा)

सेंटरबद्दल जरा रेंगाळतो, कारण बहुतेकांकडे तो वरातीमागून घोडं म्हणून येतो. १९३१ साली ॲलन ब्लूमलाइन या इंग्रज इंजिनिअरने स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला. असं सांगतात की चित्रपट बघताना त्याला एक गोष्ट खटकली होती. नट पडद्याच्या एका टोकाला आणि आवाज भलतीकडून. त्या खटकण्यावरचा आजचा इलाज म्हणजे सेंटर. चित्रपटातले बहुतेक संवाद त्याच एका स्पीकरमधून येतात. तेव्हा टॉवर निवडताना त्याच कंपनीच्या त्याच मालिकेतला सेंटर कसा आहे ते आधी ऐका, टॉवर नंतर. मालिका वेगळी असेल तर गाडी डावीकडून उजवीकडे जाताना मध्येच तिचं इंजिन बदलल्यासारखं वाटतं.

आडव्या सेंटरची एक खोड असते. मध्ये वरचे सूर वाजवणारा छोटा ट्वीटर आणि दोन्ही बाजूंना एकेक वूफर, अशी मांडणी दिसायला छान. पण कोचाच्या टोकाला बसलात की एक वूफर जवळ आणि दुसरा लांब होतो, दोघांच्या लाटा काही सुरांवर एकमेकींना खातात आणि संवाद दबके होतात. ट्वीटरखाली मधल्या सुरांसाठी वेगळा मिडरेंज असलेला सेंटर यात बराच बरा. दुकानात मधल्या खुर्चीवर बसवतील. तुम्ही उठून टोकाच्या खुर्चीवर बसा.

आता वॅट. स्पीकरच्या पाठीवर '२०० वॅट' लिहिलेलं असतं, ती सहनशक्तीची मर्यादा असते, आवाज नव्हे. बघायचा आकडा म्हणजे सेन्सिटिव्हिटी, दिलेल्या विजेत स्पीकर किती मोठा वाजतो ते. समजा ती ८८ डेसिबल आहे. म्हणजे ८ ओहमच्या (ओहम हे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) स्पीकरला एक वॅट दिला तर एक मीटरवर ८८. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल घटतात, म्हणजे चार मीटरवर उरतात ७६. चित्रपटगृहाच्या प्रमाणात एका चॅनेलचा, म्हणजे एका स्पीकरच्या वाट्याचा, सर्वोच्च क्षण १०५ डेसिबलचा धरतात. तिथवर पोचायला आणखी २९ डेसिबल हवेत, म्हणजे जवळजवळ ८०० वॅट! घाबरू नका. बंद खोलीत भिंती मदत करतात, जड बेस सब उचलतो आणि घरी इतक्या आवाजात कुणी बसत नाही. त्याच जागी ८५ चे क्षण हवे असतील तर आठ वॅट पुरतात. पण प्रत्येक ३ डेसिबलमागे वॅट दुप्पट होतात हे लक्षात असू द्या. ९१ डेसिबलचा टॉवर ८८ वाल्याच्या निम्म्या वॅटमध्ये तेवढाच वाजतो.

या आकड्यात एक चलाखी असते. तो बहुधा २.८३ व्होल्टवर मोजतात. ८ ओहमला त्याचा एक वॅट होतो, ४ ओहमला दोन. म्हणजे ४ ओहमच्या स्पीकरवर ९० लिहिलं असेल तर वॅटच्या हिशेबात ते ८७ च. शिवाय असा स्पीकर रिसीव्हरकडून जास्त करंट ओढतो. आपला रिसीव्हर ४ ओहमला चालतो का, ते त्याच्या माहितीपत्रकात आधी बघा.

ऐकून निवडताना दोन्ही स्पीकरांचा आवाज सारखा लावा. जरासा मोठा वाजणारा स्पीकर कानाला हमखास चांगला वाटतो आणि हे विकणाऱ्याला तुमच्याआधी माहीत असतं. डोळेही फसवतात. कॅनडात फ्लॉइड टूल या ध्वनिसंशोधकांनी वर्षानुवर्षं पडद्याआड स्पीकर ठेवून लोकांना ऐकवलं. नाव, किंमत, आकार काहीच दिसत नसताना लोकांची पसंती बरीचशी जुळली. समोरून सपाट मोजमाप, म्हणजे सगळे सूर सारख्याच जोराने, आणि बाजूला जाताना अलगद, खड्ड्यांशिवाय उतरणारा आवाज, हे ज्यांच्याकडे होतं ते स्पीकर जिंकले. आता अशा मोजमापांचे आलेख बऱ्याच स्पीकरांचे मिळतात. लाकडाचा रंग निवडण्याआधी ते बघा.

मांडणीचं थोडक्यात. तुम्ही आणि दोन टॉवर मिळून समभुज त्रिकोण व्हावा. बसल्यावर ट्वीटर कानाच्या उंचीला यावा. टॉवरचा वूफर टॉवरच्या पाठीमागच्या भिंतीपासून एक मीटरवर असेल तर भिंतीवरून परतणारी लाट ८६ हर्ट्झच्या आसपास मूळ लाटेला कापते, म्हणून वीतभर पुढे-मागे करून ऐकत जा. घरात लहान मूल असेल तर टॉवर खाली रुंद पायांवर पक्के करा, ते उलथतात.

श्रोत्यांतून प्रश्न आलाय: "भिंतीला चिकटवूनच ठेवावे लागणार असतील तर?" मग पाठीमागे हवेचं भोक असलेला टॉवर टाळा. बंद खोक्याचा किंवा पुढे भोक असलेला घ्या. भिंत बेस वाढवतेच, तो घुमायला लागला तर रिसीव्हरच्या ऑटो-सेटिंगने किंवा हाताने थोडा उतरवा. घेऊन झालेला असेल तर भोकात स्पंजचा बोळा घालून बघा, काही कंपन्या तो सोबतच देतात.

"आणि वायर कोणती?" तांब्याची, अंतराला पुरेशी जाड. त्यापुढची जादू मला तरी कधी ऐकू आली नाही. मात्र दोन्ही टॉवरचे प्लस-मायनस तपासा. एकाचं उलटं जोडलं की बेस पोकळ होतो. रिसीव्हरचं सेटिंग स्टिरिओवर ठेवा आणि दोन्ही टॉवरना एकाच माणसाचं बोलणं सारखं द्या. तो माणूस दोन टॉवरच्या बरोबर मध्ये उभा राहून बोलतोय असं वाटायला हवं. कुठून बोलतोय तेच कळत नसेल, तर उठून एका टॉवरच्या वायरी उलट करा.