निवळीचे थेंब आणि बेळगावचा पाऊस

(दृश्य: पहाटेचा अंधार. काचेच्या टाकीखालच्या कप्प्यात सलाइनच्या नळीतून पडणारे थेंब.)

चुना म्हटला की बेळगाव-निपाणीच्या माणसाला पानाची डबी आठवते आणि तंबाखू मळणारा अंगठा आठवतो. बेळगावच्या टिळकवाडीतील या घरात मात्र, समुद्रापासून घाट चढून सुमारे अडीच हजार फूट उंचीवर, खाऱ्या पाण्याच्या टाकीत चुन्यावर प्रवाळ पोसले जात आहेत. आपल्या समुद्रातील दगडी प्रवाळांना कायद्याचे संरक्षण असल्याने ते टाकीत आणता येत नाहीत. येथील तुकडे रीतसर परवान्याने आयात झालेले आहेत.

प्रवाळ आपला सांगाडा पाण्यातील कॅल्शियम आणि बायकार्बोनेट घेऊन घडवतात. दोनशे लिटरच्या टाकीत हा साठा दिवसागणिक घटतो. कॅल्शियम लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता, जी मुख्यतः बायकार्बोनेटमुळे असते) ७ ते ११ डीकेएच (तिचे जर्मन एकक) राखण्यासाठी मत्स्यालयतज्ज्ञ पीटर विल्केन्स यांनी १९७० च्या दशकात जो उपाय रूढ केला, त्याला जर्मन भाषेत ‘काल्कवासर’ (चुन्याचे पाणी) म्हणतात. आपल्याकडील जुन्या घरगुती औषधांतली चुन्याची निवळी ती हीच.

(दृश्य: झाकणाची बादली, तळाशी पांढरा गाळ, वर नितळ पाणी.)

आर.ओ.च्या पाण्यात लिटरमागे दोन ग्रॅम शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड ढवळले, तरी विरघळते ते सुमारे दीड ग्रॅमच. उरलेला चुना तळाशी बसतो आणि बरीचशी अशुद्धी त्याच्याबरोबर खाली राहते, म्हणून नळीचे तोंड तळापासून चार बोटे वर ठेवलेले आहे. पानाचा चुना येथे चालत नाही, कारण त्यात काय काय मिसळले आहे याची खात्री देता येत नाही. बादली उघडी राहिली तर हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे पाण्यावर दुधाच्या सायीसारखा पापुद्रा धरतो. तितका चुना वाया गेला असे समजावे. या निवळीचा सामू (pH) १२ च्या वर असतो, त्यामुळे हातमोजे आणि चष्मा हवेतच.

निवळी रात्री सोडतात. दिवे विझले की शैवालाचे प्रकाशसंश्लेषण थांबते, पाण्यात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि सामू उतरतो. निवळीतील हायड्रॉक्साइड त्याच वायूला धरून बायकार्बोनेट बनवते, म्हणजे सामूही सावरतो आणि प्रवाळांना अन्नही मिळते. सलाइनच्या साध्या संचात २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो. दोन लिटर निवळी दहा तासांत घालायची तर मिनिटाला सुमारे ६५ थेंब मोजावे लागतात. नळीत पांढरा थर साचून ती अधूनमधून तुंबते; तेव्हा ती व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवावी लागते.

किती निवळी घालायची, हे प्रवाळांची भूक जितके ठरवते त्याहून अधिक बाष्पीभवन ठरवते. जेवढे पाणी उडते तेवढीच निवळी आत जाऊ शकते; जास्त घातली तर खारटपणा घटतो. एक लिटर निवळी या टाकीची अल्कलिनिटी साधारण अर्धा डीकेएच आणि कॅल्शियम लिटरला चार मिलिग्रॅम वाढवते. एप्रिलमध्ये येथे रोज दोन लिटर पाणी उडते आणि हिशेब जमतो. जुलैत, धुवाधार पावसात भिंतींनाही ओल आलेली असताना, पाऊण लिटरही उडत नाही.

गंमत अशी, की निवळीची खरी गरज त्याच दिवसांत असते. खिडक्या बंद, माणसे घरात, हवेत कार्बन डायऑक्साइड वाढलेला, त्यामुळे सामू दिवसासुद्धा ७.८ च्या आसपास रेंगाळतो. येथे नवखा माणूस थेंबांचा वेग वाढवतो, आणि ती चूकच ठरते.

गेल्या पावसाळ्यात येथेही एकदा घोटाळा झाला. मध्यरात्री वीज गेली, पंप थांबले, पण गुरुत्वाकर्षणावर चालणारी नळी थांबली नाही. खेळते पाणी नसलेल्या कप्प्यात निवळी एकाच जागी साचली, आणि सकाळी तेथे पांढऱ्या कणांचा धुरळा दिसला. चुना प्रवाळांपर्यंत न पोहोचता चुनखडी होऊन खाली बसला होता. तेव्हापासून नळीला विजेवर उघडणारी झडप लावली आहे. वीज गेली की ती आपोआप बंद होते.

(दृश्य: पाण्यावर फिरणारा छोटा पंखा.)

पावसाळ्यात आता पाण्यावर पंखा फिरतो. दमट हवेत त्याचा उपयोग मर्यादितच. उरलेली तूट कॅल्शियम क्लोराइड आणि सोडियम बायकार्बोनेट यांची द्रावणे वेगवेगळ्या वेळी घालून भरून काढली जाते. वहीतला पहिला रकाना मात्र सामूचा नाही, रात्रीत किती पाणी उडाले याचा आहे, आणि आज तेथे ७०० मिलिलिटर असे लिहिलेले आहे.