नापास गाडी आणि कागदावरचे आकडे

[दृश्य: सायलेन्सरच्या तोंडात सरकवलेली धातूची नळी. इंजिन चालू.]

गाडीच्या प्रदूषण चाचणीत सायलेन्सरमधून निघणारा वायू ही नळी ओढून घेते आणि यंत्राकडे पाठवते. यंत्रात त्या वायूतून अवरक्त किरण सोडतात. कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोकार्बन हे तिघेही त्यातले आपापल्या वाटणीचे किरण शोषून घेतात. किती शोषले, त्यावरून कोण किती आहे ते कळतं. ऑक्सिजन मोजायला वेगळा सेन्सर असतो.

थोड्याच वेळात कागद बाहेर येतो. गाडी नापास. बहुतेक जण एवढंच वाचतात, कागदाची घडी घालतात आणि गॅरेज गाठून विचारतात, ‘काय बदलावं लागेल?’

त्याचं उत्तर बऱ्याचदा त्या घडी घातलेल्या कागदावरच असतं.

[दृश्य: कागद जवळून. बोट एकेका ओळीवर सरकतं.]

कार्बन मोनॉक्साइड जास्त, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जातंय. एक किलो पेट्रोल पुरतं जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. ती कमी पडली की कार्बन अर्धवट जळतो. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत आधी चोंदलेला एअर फिल्टर आणि अडकलेला चोक (थंड इंजिन सुरू करताना हवा कमी करणारी झडप) बघायचा. इंजेक्शनच्या गाडीत गळका इंजेक्टर किंवा गाडीच्या एक्झॉस्टमधलाच थकलेला ऑक्सिजन सेन्सर. आणखी एक स्वस्तातलं कारण आहे, ते मात्र हटकून नजरेतून सुटतं: उघडाच राहिलेला थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत थंड पाणी अडवणारी झडप. त्याच्यामुळे इंजिन पुरतं तापत नाही, आणि गाडीचा कॉम्प्युटर थंड इंजिन समजून पेट्रोल वाढवत राहतो.

हायड्रोकार्बन म्हणजे न जळताच बाहेर पडलेलं इंधन. इथे पहिला संशय ठिणगीवर.

[दृश्य: प्लग खोलून हातात घेतलेला. टोकावर कॅमेरा.]

हा प्लग बघा. टोक फिकट तपकिरी असेल तर सिलिंडरमध्ये सगळं ठीक चाललंय. कोरडी काजळी दिसली तर पेट्रोल जास्त. काळं, ओलसर, तेलकट दिसलं तर ऑइल वर चढतंय. पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सील झिजलेत. अशा वेळी नुसता प्लग बदलून काही दिवस ढकलता येतात, इतकंच.

आता आकडे एकत्र वाचा. हायड्रोकार्बन वाढलंय, ऑक्सिजनही वाढलाय, पण कार्बन मोनॉक्साइड जागच्या जागी आहे. याचा अर्थ एखादा सिलिंडर पेटतच नाही. इंधनही तसंच बाहेर आलं आणि त्याच्या वाट्याची हवाही. मेकॅनिकच्या भाषेत मिसफायर. उलट, मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन दोन्ही वर आणि ऑक्सिजन जवळपास शून्य, तर पेट्रोल भरमसाट जातंय. एकच आकडा बघणाऱ्याला या दोन गाड्या सारख्याच वाटतील, आणि एकीचा पार्ट दुसरीला लावला जाईल.

काही ठिकाणी आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) एकदा आणि २,५०० आरपीएमच्या (मिनिटाला इंजिनाच्या फेऱ्या) आसपास रेस करून एकदा, असं दोनदा मोजतात. फक्त आयडललाच बिघडलेले आकडे रेस दिल्यावर सुधारत असतील, तर व्हॅक्यूमची (इंजिनाच्या हवा ओढण्यावर चालणारी) एखादी रबरी नळी तडकली आहे का ते पाहावं. आयडलला इंजिन मुळातच थोडी हवा घेतं, म्हणून तेवढ्याशा फटीतून शिरणारी हवाही जड जाते.

नायट्रोजनच्या ऑक्साइडची तऱ्हा वेगळी. ज्वलन फार तापलं की ती वाढतात. तिथे ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा जळका वायू पुन्हा इंजिनात सोडून ज्वलन कमी तापवणारी झडप) काजळीने बुजलाय का, इंजिन नीट थंड होतंय का, हे तपासायचं.

[दृश्य: कापून उघडलेलं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. आत बारीक छिद्रांची जाळी. मधला भाग वितळून गोळा झालेला.]

आणि हे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, इंजिनातून आलेल्या वायूतले विषारी घटक बाहेर पडण्याआधी बदलून टाकणारा डबा. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या महागड्या धातूंचा पातळ थर दिलेली सिरॅमिकची जाळी. अमेरिकेत १९७५ च्या मॉडेलपासून बहुतेक नव्या गाड्यांत ते आलं. गाडी नापास झाली की पहिलं बोट याच्याकडे जातं, आणि सगळ्यात मोठं बिलही याचंच होतं. पण ही जाळी आपणहून वितळत नाही. मिसफायर झालेल्या सिलिंडरचं कच्चं पेट्रोल इथे येऊन पेटतं, आणि त्या उष्णतेने सिरॅमिक वितळतं. चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो तो याचसाठी. मिसफायर तसाच ठेवून नवं कन्व्हर्टर बसवणं म्हणजे तेही जाळायला देणं.

कन्व्हर्टर धडधाकट असूनही कधी कधी गाडी नापास होते, ती ते थंड असल्यामुळे. साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसला ते काम करू लागतं. म्हणून चाचणीआधी पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवून न्यावी आणि रांगेत इंजिन बंद ठेवून तिला गार होऊ देऊ नये. यात लबाडी काही नाही. चाचणी तापलेल्या इंजिनाचीच व्हायला हवी.

डिझेल गाडीत वायूंऐवजी धुराची घनता मोजतात. ॲक्सिलरेटर झटक्यात दाबायचा आणि धुरातून प्रकाश किती आरपार जातो ते बघायचं. काळा धूर आला तर एअर फिल्टर, इंजेक्टरचा फवारा आणि टर्बोची (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याची) फुटकी नळी, या क्रमाने बघावं. निळा असेल तर ऑइल जळतंय.

[दृश्य: डॅशबोर्डखाली जोडलेला स्कॅनर.]

राहता राहिली एक जुनी युक्ती: चाचणीच्या तोंडावर स्कॅनरने गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा कोड पुसायचा किंवा बॅटरीची वायर काढायची. चेक इंजिनचा दिवा विझतो, हे खरं. पण त्याबरोबर कॉम्प्युटरने स्वतः केलेल्या गाडीच्या तपासण्याही कोऱ्या होतात, आणि जिथे चाचणीत कॉम्प्युटर वाचला जातो तिथे ‘तपासणी अपुरी’ म्हणून गाडी परत पाठवली जाते. त्या तपासण्या पुन्हा पूर्ण व्हायला गार इंजिनाने सुरुवात, थोडा वेळ एकसारख्या वेगाने रस्ता आणि थोडं आयडल, असं काही दिवस चालवावं लागतं. दुरुस्तीनंतरही कोड पुसावाच लागतो, तेव्हा फेरचाचणीची तारीख हे दिवस धरूनच घ्या. आणि जुना कागद सोबत न्या. कोणता आकडा किती उतरला, ते त्याच्याशेजारी ठेवल्याशिवाय कळणार नाही.