जवानाचा अर्ज संसदेपर्यंत का पोचत नाही

(साताऱ्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

घरात कुणी फौजेत आहे त्यांनी हात वर करा म्हटलं, तर निम्म्या सभागृहाने हात वर केले आणि उरलेले निम्मे चुलता, मामा, मेव्हणा असा हिशोब लावत बसले. साताऱ्यात हे व्हायचंच. ज्या जिल्ह्यात आपशिंग्यासारख्या गावाच्या नावालाच 'मिलिटरी' चिकटलेलं आहे, तिथे सैन्यावर बोलायला उभं राहण्याचं धाडस मी करणार नाही. मी बोलणार आहे संसदेवर. सैन्याला पैसे देणारी संसद, सैन्याचे कायदे करणारी संसद. त्याच सैन्यातल्या जवानाला काही सांगायचं असेल, तर तिच्या कानापर्यंत ते कोणत्या वाटेने जातं, एवढाच आजचा विषय आहे.

सुरुवात 1962 पासून करतो, कारण तेव्हा संसदेने जे केलं ते आज कुणाला खरं वाटणार नाही. युद्ध चालू होतं. तवांग गेलं होतं. आणि 8 ते 14 नोव्हेंबर या दिवसांत लोकसभेत चर्चा झाली, 165 सदस्य बोलले. खासदार लक्ष्मीमल्ल सिंघवींनी सुचवलं होतं की बैठक गुप्त घ्यावी. नेहरूंनी नाही म्हटलं. विषय साऱ्या देशाचा आहे, चर्चा उघडच होईल. सरकारचे वाभाडे निघाले, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन आधीच गेले होते, आणि मग त्यांच्या जागी आपले यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावून गेला, हे वाक्य तुम्ही शाळेपासून ऐकताय, मी पुन्हा म्हणत नाही.

त्यानंतरचं मात्र कमी सांगितलं जातं. पराभवाची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी केली. 2 सप्टेंबर 1963 रोजी चव्हाणांनी लोकसभेत निवेदन केलं. प्रशिक्षण, साधनसामग्री, कमांडची रचना, जवानांची शारीरिक क्षमता, कमांडरांची पात्रता अशा मुद्द्यांवर निष्कर्ष थोडक्यात सांगितले. अहवाल सभागृहासमोर ठेवला नाही. तो आजतागायत ठेवलेला नाही. 2010 साली तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेला सांगितलं की मजकूर अतिशय संवेदनशील आहे आणि आजही लष्करीदृष्ट्या उपयोगाचा आहे. म्हणजे युद्धानंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी! कराडच्या माणसाबद्दल साताऱ्यात असं बोलताना मी इकडेतिकडे बघतोय, पण बोलायला हवं. चव्हाणांनी खचलेलं सैन्य उभं केलं, त्यात वाद नाही. पण भाषण उघड आणि कागद बंद, ही सवय तेव्हा लागली ती लागलीच. कारगिलच्या वेळी थोडी सुटली. सुब्रह्मण्यम समितीचा अहवाल फेब्रुवारी 2000 मध्ये संसदेत आला, काही भाग वगळून का होईना. तो अपवादच.

1993 पासून आपल्याकडे खात्यांच्या स्थायी समित्या आहेत. संरक्षणाची समिती त्यातलीच. एकतीस सदस्य, लोकसभेचे एकवीस आणि राज्यसभेचे दहा. बैठका बंद दाराआड होतात आणि माझ्या मते ते बरंच आहे. कॅमेरा नसला की खासदार पक्ष विसरून प्रश्न विचारतात, अधिकारीही जरा मोकळे होतात. किती मोकळे, याचं उदाहरण मार्च 2018 चं. लष्कराचे उपप्रमुख लेफ्टनंट जनरल शरत चंद यांनी समितीला सांगितलं की लष्कराची 68 टक्के सामग्री जुनाट वर्गात मोडते, 24 टक्के चालू काळातली आहे आणि अत्याधुनिक म्हणावी अशी फक्त 8 टक्के. अर्थसंकल्पाने आमच्या आशेवर पाणी पडलं, अशा अर्थाचं ते बोलले. गणवेशातल्या माणसाने इतकं स्पष्ट बोलावं आणि ते छापलं जावं, हे आपल्याकडे दुर्मीळ. समितीचे अध्यक्ष होते निवृत्त मेजर जनरल खंडुरी, सत्ताधारी पक्षाचेच. अहवाल 13 मार्चला संसदेत आला.

आणि 14 मार्चला लोकसभेने सगळ्या खात्यांच्या खर्चाच्या मागण्या एका दमात, चर्चेविना मंजूर केल्या. याला संसदेच्या भाषेत गिलोटिन म्हणतात. अहवाल वाचायला एक रात्र मिळाली होती असं म्हणू या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये समितीची फेररचना झाली तेव्हा खंडुरी अध्यक्ष नव्हते. दोन घटनांचा संबंध काय, ते तुम्ही ठरवा.

तरीही मी म्हणेन की तोफा, दारूगोळा, विमानं यांची मोजदाद संसदेला थोडीफार जमते. महालेखापरीक्षक, म्हणजे कॅग, मदतीला असतात. 2017 साली त्यांनी दाखवलं की दारूगोळ्याच्या 152 प्रकारांपैकी 61 प्रकार दहा दिवसांच्या लढाईलाही पुरणार नाहीत. ओरड झाली, खरेदीचे अधिकार खाली दिले गेले, काहीतरी हाललं. वस्तू मोजता येतात. माणसाचं काय?

इथे मला आपल्या नगर जिल्ह्यातल्या एका माणसाबद्दल सांगायचंय. बाळासाहेब विखे पाटील. आपण त्यांना साखर कारखाना, सहकार, पाणी यासाठी ओळखतो. ते लोकसभेत संरक्षण समितीचे अध्यक्ष होते हे कितीजणांना आठवतं? त्यांच्या काळात ऑक्टोबर 2008 मध्ये समितीने सैन्यातल्या मानसिक ताणावर अहवाल दिला. आत्महत्या, सहकाऱ्यावर गोळी झाडण्याच्या घटना, सुट्टी न मिळणं, घरच्या जमिनीचे वाद, हे सगळं त्यात आहे. आणि त्यात 'सहायक' पद्धतीवर एक परिच्छेद आहे. जुने लोक बॅटमन म्हणतात, आता 'बडी' म्हणतात. कागदावर त्याचं काम अधिकाऱ्याची शस्त्रं, सामान, गणवेश सांभाळणं, लढाईत सोबत राहणं. प्रत्यक्षात काय काय होतं ते या सभागृहात मी सांगायला नको. कुत्रा फिरवणारा, मेमसाहेबांची भाजी आणणारा, मुलांना शाळेच्या बसपर्यंत सोडणारा... बघा, मागच्या रांगेत माना हलल्या.

नौदलात आणि हवाई दलात ही पद्धत नाही, आणि त्यांचं काही अडत नाही. समितीने अत्यंत कडक भाषा वापरली. ही प्रथा लाजिरवाणी आहे, स्वतंत्र भारतात तिला जागा नाही, ती ताबडतोब थांबवा, कारण जवानाचा स्वाभिमान त्यात मारला जातो. सर्वपक्षीय समितीचं हे एकमुखी म्हणणं होतं. मी असे बरेच अहवाल वाचतो. एरवी त्यांची भाषा उपासाच्या वरीसारखी असते, मिळमिळीत. हा परिच्छेद तसा नाही.

मग काय झालं? समितीची शिफारस सरकारवर बंधनकारक नसते. मंत्रालय 'कृती अहवाल' पाठवतं, म्हणजे शिफारशींवर काय केलं याचं उत्तर, समिती त्यावर खेद व्यक्त करते, पुढचं वर्ष उजाडतं, नवी समिती येते. समितीची मुदत वर्षाचीच असते.

जानेवारी 2017. मोबाइल आता बराकीत पोचला होता. सीमा सुरक्षा दलाच्या एका जवानाने जेवणाबद्दल व्हिडिओ टाकला. ते दल गृहखात्याचं, सैन्य नव्हे, पण त्यामागोमाग लष्करातल्या एका लान्स नायकाचा सहायक पद्धतीवरचा व्हिडिओ आला. लष्करप्रमुख जनरल रावत यांनी तक्रारपेट्या बसवायचं जाहीर केलं, व्हॉट्सॲप नंबरही दिला, आणि समाजमाध्यमांवर जाऊ नका असं बजावलं. फेब्रुवारीत एका वृत्तसंकेतस्थळाने छुप्या कॅमेऱ्याने केलेलं चित्रण दाखवलं, त्यात आपल्या देवळालीतले जवान होते. मार्चच्या सुरुवातीला त्यातला एक तोफखान्याचा जवान देवळालीतच एका जुन्या बराकीत मृतावस्थेत सापडला. गुन्हा कुणावर? बातमी करणाऱ्या पत्रकारावर आणि तिला मदत करणाऱ्या माजी सैनिकावर, शासकीय गुपिते कायद्याखाली. 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला. कुत्रा कोण फिरवतं, हे शासकीय गुपित!

त्याच महिन्यात, म्हणजे मार्च 2017 मध्ये, राज्यसभेत प्रश्न आला. लेखी उत्तर दिलं संरक्षण राज्यमंत्री सुभाष भामरे यांनी, म्हणजे धुळ्याचे आपले डॉक्टरसाहेब. आशय असा की सहायक ही युद्धात आणि शांततेत आवश्यक व्यवस्था आहे, आणि जवानाच्या प्रतिष्ठेला न शोभणारी कामं त्याच्याकडून करून घेऊ नयेत अशा सूचना वेळोवेळी दिल्या आहेत. विखे पाटलांच्या समितीची तक्रार नेमकी हीच होती की सूचना आहेत आणि पाळल्या जात नाहीत. नऊ वर्षांनी उत्तर म्हणून तीच सूचना परत आली. एक मराठी खासदार समितीतून बोलतो, दुसरा मराठी माणूस मंत्री म्हणून उत्तर देतो आणि मधे नाशिकजवळ एक पोरगा जातो. मी कुणाला दोष देत नाही. भामरे यांच्या हातात ते उत्तर मंत्रालयाने दिलं असणार. पण हे तीन तुकडे एकत्र ठेवून बघायचं काम संसदेत कुणाचंच नाही, यावर मला बोट ठेवायचंय.

आता अर्जाची वाट बघू. आर्मी ॲक्ट 1950, कलम 26. अधिकारी सोडून बाकी कुणावर अन्याय झाला असं वाटलं तर त्याने कंपनी कमांडरकडे तक्रार करायची. तक्रार त्याच्याविरुद्धच असेल तर सीओकडे, म्हणजे कमांडिंग ऑफिसरकडे. सीओविरुद्ध असेल तर त्याच्या वरच्याकडे. अधिकाऱ्यांसाठी कलम 27, ते थेट केंद्र सरकारपर्यंत जाऊ शकतात. याच कायद्यात कलम 56 आहे: तक्रारीत कुणाच्या चारित्र्याबद्दल जाणूनबुजून खोटं लिहिलं तर पाच वर्षांपर्यंत कैद. खोट्याला शिक्षा हवीच. पण ज्याच्याविरुद्ध लिहायचं तो आणि जो ते खोटं ठरवणार तो एकाच मेसमध्ये जेवतात, हे अर्ज लिहिणाऱ्याला माहीत असतं. खासदाराला पत्र लिहिलं तर तो बाहेरचा दबाव आणणं ठरतं. वर घटनेचं कलम 33: सैनिकाचे मूलभूत हक्क किती आकुंचित करायचे ते संसदेने ठरवायचं. हक्क कमी करण्याची कात्री घटनेने संसदेच्याच हातात दिली. मग त्या बदल्यात ऐकून घेण्याची जबाबदारी कुणाची?

स्थायी समितीची म्हणाल, तर लोकसभेच्या नियमावलीत 331 ई आहे. समितीने खात्याच्या दैनंदिन कारभारात लक्ष घालायचं नाही. एका जवानाची रजा नाकारणं, त्याला साहेबांच्या बागेत लावणं, हे दैनंदिन कारभारात मोडतं. हजार जवानांचं तेच झालं की ते धोरण होतं. पण एकेक दाणा आत येऊच द्यायचा नाही, तर रास कधी दिसणार?

जर्मनीने हे वेगळं केलं, आणि भोगून केलं. हिटलरनंतर सैन्य पुन्हा उभारायचं ठरलं तेव्हा त्यांनी 1956 मध्ये घटनेतच कलम घातलं, 45 बी. संसदेचा सैन्य-आयुक्त. स्वीडनकडून कल्पना घेतली. संसद गुप्त मतदानाने त्याला पाच वर्षांसाठी निवडते. कोणताही सैनिक वरिष्ठाला न विचारता त्याला थेट पत्र लिहू शकतो, आणि लिहिलं म्हणून त्याला शिक्षा करता येत नाही. आयुक्त न सांगता कोणत्याही छावणीत जाऊ शकतो. वर्षाला काही हजार पत्रं येतात, त्यांतून वार्षिक अहवाल बनतो. त्यात बराकीतल्या संडासांपासून सुट्या भागांच्या टंचाईपर्यंत सगळं असतं. संडासाची तक्रार आणि रणगाड्याची तक्रार एकाच अहवालात, हे मला फार आवडतं. कारण कमी पडणारा पैसा आधी संडासात दिसतो आणि मग रणगाड्यात. जर्मन सैन्य यामुळे आदर्श झालं असं नाही, त्यांची तयारी किती कमी आहे हे त्यांचेच अहवाल ओरडून सांगतात. पण ते कळतं तरी.

आपल्याकडे संसदेने दिलेलं एक दार आहे, त्याचं श्रेय दिलंच पाहिजे. 1982 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रिथीपालसिंग बेदी खटल्यात म्हटलं होतं की कोर्ट मार्शलवर एकही अपील नसणं बरोबर नाही. पंचवीस वर्षं घासाघीस झाली, 2007 मध्ये सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा कायदा झाला, आणि ऑगस्ट 2009 मध्ये राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते ते सुरू झालं. आपल्यासाठी पीठ मुंबईला. पेन्शन, बढती, अपंगत्व यांत हजारोंना तिथे न्याय मिळाला. पर्रीकर संरक्षणमंत्री असताना त्यांनी तज्ज्ञांची समिती नेमून विचारलं होतं की सरकार आपल्याच जखमी सैनिकांविरुद्ध इतकी अपिलं का करतं. विचारणारा मंत्री विरळा. पण कायद्याने बदली, पोस्टिंग आणि रजा न्यायाधिकरणाबाहेर ठेवली आहे. म्हणजे जवानाच्या रोजच्या दुखण्यातलं निम्मं गेलंच. शिवाय न्यायाधिकरणाचा कारभार संरक्षण मंत्रालयाकडे, आणि बहुतेक खटल्यांत प्रतिवादीही तेच. मधली काही वर्षं सदस्य नेमले नाहीत म्हणून कित्येक पीठं ओस पडली होती.

निवृत्तांचं बरं असतं, ते बोलू शकतात. एक पद, एक पेन्शनची मागणी राज्यसभेच्या याचिका समितीपुढे गेली, भगतसिंग कोश्यारींच्या अध्यक्षतेखाली डिसेंबर 2011 मध्ये अहवाल आला आणि तोच पुढे सगळ्या लढ्याचा आधार झाला. याचिका समिती काय करू शकते ते तेव्हा दिसलं. पण सह्या करणारे हात पेन्शनरांचे होते.

(श्रोत्यांतून एका निवृत्त सुभेदारांचा प्रश्न: मग आज नोकरीत असलेल्या पोराने करायचं काय?)

सुभेदारसाहेब, संसद बदलायची वाट बघू नका म्हणावं. व्हिडिओ तर मुळीच नको. कलम 26 खाली लेखी अर्ज, साध्या भाषेत, तारखांसह, शिवीगाळ न करता. ऐकीव गोष्ट लिहायची नाही, 56 आठवायचं. प्रत घरी पाठवायची. निकाल आला तर तेव्हापासून सहा महिन्यांत न्यायाधिकरण गाठायचं. निकालच आला नाही तर सहा महिने थांबायचं आणि त्यानंतरच्या सहा महिन्यांत जायचं. सगळं त्या एका तारखेवर अवलंबून आहे, म्हणून अर्ज दिल्याची पोच मात्र घ्यायचीच.

(सुभेदार: पोच कोण देतो, साहेब?)