१२ एप्रिल : बाह्या वर केलेली पोरं

या फोटोतलं हसू ओळखलंत ना? युरी गागारिन. १२ एप्रिल १९६१, बायकोनूरहून व्होस्टॉक १ सुटलं आणि पृथ्वीला एक चक्कर मारून १०८ मिनिटांत गडी परत खाली. बरोब्बर २० वर्षांनी, १२ एप्रिल १९८१ ला, कोलंबिया शटलचं पहिलं उड्डाण. विनू मांकडांचा जन्मही १२ एप्रिलचाच, १९१७, जामनगर.

पण याच तारखेची आणखी एक गोष्ट आहे, पोलिओच्या लसीची. आता हा ब्लॅक अँड व्हाइट वॉर्ड बघा. लोखंडी पिंपांतून बाहेर आलेली ही डोकी लहान मुलांची आहेत. पोलिओत श्वासाचे स्नायू गेले की हे आयर्न लंगच छाती वरखाली करायचं.

आणि हे गाडीत बसलेले रूझवेल्ट. ३९ व्या वर्षी पोलिओचं निदान झालं, पाय गेले, तरी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांनी सुरू केलेल्या संस्थेला लोक पाकिटातून दहा-दहा सेंटची नाणी पाठवायचे आणि त्याच पैशावर जोनास साल्क यांचं लसीचं काम चाललं. १२ एप्रिल १९४५ ला रूझवेल्ट गेले.

साल्कनी माकडाच्या किडनीच्या पेशींवर विषाणू वाढवला, तो फॉर्मालिनने मारला आणि मेलेलाच टोचायचा, म्हणजे शरीराला त्याची ओळख पटते पण आजार होत नाही. पण हे सिद्ध कसं करायचं? १९५४ मध्ये ट्रायल सुरू झाली, जवळपास १८ लाख मुलं. काहींवर नुसतं लक्ष ठेवलं, काहींना लस, काहींना लसीसारखंच दिसणारं पण लस नसलेलं इंजेक्शन, आणि अशा ठिकाणी बाटलीवर फक्त कोड, म्हणजे टोचणाऱ्या डॉक्टरलाही माहीत नाही आत काय आहे! किती काटेकोर काम केलंय बघा, तेही कॉम्प्युटर हाताशी नसण्याच्या काळात. पुढे मोजदाद केली मिशिगन युनिव्हर्सिटीत थॉमस फ्रान्सिस यांच्या टीमने.

१२ एप्रिल १९५५. रूझवेल्टना जाऊन १० वर्षं. ट्रायलच्या निकालाच्या कागदांवर तुटून पडलेले हे पत्रकार, आणि बातमी एवढीच की लस सुरक्षित आहे, लागू पडते. पुढच्या काही आठवड्यांत एका कंपनीच्या लसीत जिवंत विषाणू राहिले, काही मुलं दगावली, लसीकरण काही दिवस थांबवलं, नियम कडक झाले, आणि ते पुन्हा सुरू झालं.

गागारिनचं नाव सगळ्यांना पाठ आहे, असायलाच हवं. ही रांगेतली पोरं मात्र बिननावाची. सहा ते नऊ वर्षांची, बाही वर केलेली, टोचून झालं की शर्टाला बिल्ला. आपल्याला नक्की काय टोचलंय हे यांतल्या कित्येकांना तेव्हा माहीतच नव्हतं.

ही मुलगी बघा, डोळे गच्च मिटलेत, पण हात पुढेच आहे.